हातचे साडेचार तास

रस्त्यावरच्या दुकानदारांनी तिचं नाव तासबाई ठेवलं होतं आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठ वळली की तासबाई. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट जिन्यात कुणी "तासबाई आल्यात का वर?" असं विचारताना कानावर पडलं, की ती वरूनच "आल्यात, आल्यात, या!" अशी हाक देई आणि विचारणाऱ्याची जी तारांबळ उडे ती बघून दिवसभर मनात हसे.

काम तिचं तिकिटांचं. चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, प्रवासाची छोटीशी कचेरी. दोन टेबलं, चार खुर्च्या आणि भिंतीवर जगाचा नकाशा. भिंतीला ओल धरल्यामुळे त्या नकाशातला एक अख्खा समुद्र पिवळा पडला होता. मालक होते, पण असून नसल्यासारखे. सकाळी पेपर, दुपारी खुर्चीतच डुलकी. सगळा कारभार हिच्या हाती, आणि तोही थोडाथोडका नाही, सत्तावीस वर्षं.

इतकी वर्षं लोकांना जगभर पाठवलं, पण ती स्वतः विमानात एकदाच बसली होती, तेही दीड तासाच्या. नवरा चिडवायचा, "आचारी उपाशी, तशी तू." तरी कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, मधलं अंतर तिच्या जिभेवर. हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड वही होती तिची. त्यात रकाने आखलेले: सरळ रेषेतलं अंतर, आकाशातले तास, मधल्या विमानतळावरचा थांबा, दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक. जाताना साडेआठ तास लागतात आणि येताना साडेसात, हे काही लोकांच्या पचनी पडत नसे. "अहो ताई, रस्ता तोच ना?" "रस्ता तोच, पण वारा जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. सायकल चालवलीत ना कधी?" मग माणूस मान डोलावायचा. एका आजोबांना घड्याळाचा फरक समजावता समजावता मात्र ती घामाघूम झाली होती. शेवटी आजोबा म्हणाले, "म्हणजे मी निघायच्या आधीच पोहोचतो की काय? मग जातो कशाला?"

पुढे कॉम्प्युटर आला, मग तर ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर विमानांच्या वेळा दिसायला लागल्या. तरी लोक जिना चढून येत राहिले. चपलांच्या दुकानदाराने त्याचं कारण एकदा सांगितलं होतं: "फोन विमानाचे तास सांगतो, आमच्या ताई माणसाचे सांगतात."

खरी गोष्ट होती. वहीतला शेवटचा रकाना तिचा स्वतःचा, पेन्सिलीने भरलेला. त्याला ती 'हातचे' म्हणायची. विमान उशिरा सुटलं तर, मधलं विमान चुकलं तर, कागद तपासायच्या रांगेत पुढे एखादं दहा माणसांचं कुटुंब लागलं तर, बॅग शेवटची आली तर. त्या सगळ्या 'तर'चे तास ती खऱ्या वेळेत मिळवायची आणि लोकांना ती बेरीज सांगायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने एका म्हाताऱ्या बाईंना नुसते विमानाचे तास सांगितले होते. त्या बाईंची लेक तिकडे तान्हं बाळ कडेवर घेऊन सहा तास विमानतळावर ताटकळली आणि मग तिने फोनवरून अशी काही खरडपट्टी काढली, की तासबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून हातचे. माणूस सांगितलेल्या वेळेच्या आधीच पोहोचे, घरचे खूश, माणूस खूश. "ताईंनी सांगितल्यापेक्षा लवकरच आलो!" हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की त्याची तिला चटक लागली होती. पण ही चटक आहे, असं मात्र तिला वाटत नसे. सवय चांगली आहे, असंच वाटे.

समोरच्या फुटपाथवर चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले पन्नाशीचे, एकटे, मोजकं बोलणारे. तासबाईचे तिन्ही चष्मे त्यांच्याच हातचे. त्यांची आई लेकीकडे, म्हणजे चष्मेवाल्यांच्या धाकट्या बहिणीकडे राहायची, थेट दहा हजार चारशे किलोमीटरवर. पुढच्या महिन्यात ते आईला भेटायला जाणार होते, व्हिसाही घेऊन ठेवला होता. दर आठवड्याला वर येऊन विचारायचे, "ताई, तिकीट काढायचं का आता?" आणि ही म्हणायची, "थांबा हो, अजून चांगलं विमान मिळेल."

आणि मग एका सकाळी दहाच्या सुमारास ते जिना चढून आले ते पांढरेफटक. आई पहाटे गेली होती.

तासबाईने दुसरं काही विचारलं नाही. कॉम्प्युटर उघडून संध्याकाळी सातचं विमान काढलं. "चारला विमानतळावर पोहोचायला हवं. पासपोर्ट?"

"घरी."

"नंबर लागेल. पळा, घेऊन या. मी जागा धरून ठेवते."

ते धावतच खाली उतरले. घर दोन गल्ल्या सोडून. त्या घाईत मोबाइल टेबलावरच राहिला. इकडे तासबाईने कागदावर हिशोब मांडला. पहिलं विमान पाच तास चाळीस मिनिटं, थांबा तीन तास वीस मिनिटं, दुसरं विमान साडेआठ तास. साडेसतरा तास झाले. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे विमान उतरणार तिकडच्या दुपारी तीनला. बाहेर पडायला चाळीस मिनिटं, गाडीने पन्नास. साडेचार. त्याखाली पेन्सिलीने, हात आपोआपच चालल्यासारखा, तिने हातचे साडेचार तास मिळवले आणि लिहिलं: नऊ.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. तिने उचलला.

"दादा?"

"दादा पासपोर्ट आणायला गेलेत. मी तिकिटाच्या कचेरीतून बोलतेय."

"तुम्ही ताई ना? तो सांगतो तुमच्याबद्दल." बहिणीचा आवाज रडून बसलेला होता, पण शब्द अगदी स्वच्छ. "ताई, मला एकच सांगा. उद्या तो घरी किती वाजता येईल? घरी हं, विमानतळावर नव्हे. इथे उद्या संध्याकाळी सहानंतर दहनाची जागा बंद होते, पुढे दोन दिवस सुट्टी. आईला सहापर्यंत ठेवता येईल. त्याच्यापुढे नाही ठेवता येणार."

तासबाईचं बोट कागदावर साडेचारच्या आकड्यावर होतं. हे तिला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं: आपलंच बोट, नखाला लागलेली शाई, आणि खाली साडेचार. तिने 'सहा' ऐकलं होतं. साडेचार आणि सहा यांच्यात दीड तासाची जागा आहे, हेही तिच्या डोक्यात लख्ख होतं. पण त्याच क्षणी दुसरंही एक चित्र उभं राहिलं. मधलं विमान चुकलंय, तिकडे सगळं गोत ताटकळत उभं आहे, सहा वाजून गेलेत, आणि लोक म्हणताहेत, कुणी सांगितलं होतं साडेचार? त्या तिकिटवाल्या बाईने.

"रात्री नऊ धरा," ती म्हणाली.

"नऊ?"

"हो."

"त्याच्या आधी काही शक्यताच नाही का?"

"खात्रीने नाही हो सांगता येत."

मग बहीण म्हणाली, "बरं. मग थांबून उपयोग नाही. लांबून आलेल्यांना परत जायचंय, सकाळी अकरालाच करून घेऊ. ताई, त्याला आत्ता सांगू नका. एवढ्या लांबचा प्रवास, एकटाच आहे. आल्यावर मीच सांगेन."

चष्मेवाले पासपोर्ट घेऊन धापा टाकत आले. तासबाईने तिकीट आणि टेबलावर राहिलेला मोबाइल हातात दिला. "बहिणीचा फोन होता. किती वाजता पोहोचाल विचारत होत्या." एवढंच म्हणाली. संध्याकाळी विमानतळावरून त्यांनी बहिणीला लावलेले फोन तिने उचलले नाहीत; उचलले असते तर अकराचं सांगावं लागलं असतं. पुढे तर त्यांचा मोबाइल देशाबाहेर पडताच मुका झाला. साडेसतरा तास तो माणूस आईचं तोंड बघायला मिळणार या एकाच आशेवर बसून राहिला.

दोन्ही विमानं वेळेवर गेली. रांग नव्हती. बॅग पहिलीच आली. चष्मेवाले साडेचारला पाच मिनिटं कमी असताना बहिणीच्या दारात उभे होते.

हे सगळं त्यांनी परत आल्यावर तासबाईला सांगितलं, तिच्याच टेबलासमोर बसून. पंधरा दिवसांत गालफडं बसली होती.

"ताई, तुमचा हिशोब म्हणजे हिशोब. वेळेवर पोहोचवलंत. पण आई नव्हती." ते हातातली किल्ली उलटसुलट करत राहिले. "दारात खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. कप धुऊन पालथे घातलेले. आईची गादी गच्चीत उन्हात टाकली होती. मला बघून बहीण अशी दचकली, जसं काही मी चोर आहे. म्हणते, तू आत्ता कसा?"

तासबाईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

"आणि वर काय म्हणते माहितीये? तुमच्या त्या ताईंनीच रात्रीचे नऊ सांगितले! मी म्हटलं, खबरदार. सत्तावीस वर्षांत त्या बाईचं एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. घाई तुला होती. आल्यागेल्यांची सोय बघितलीस आणि सख्ख्या भावाला विसरलीस, आता दुसऱ्याच्या नावावर खपवतेस? आईच्या खोलीत उभं राहून म्हटलं मी तिला, तू खोटारडी आहेस." मग ते एकदम थांबले आणि सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नऊ नव्हता ना म्हणालात?"

प्रश्न अगदी साधा होता. उत्तर एका शब्दाचं होतं.

"फोनवर नीट ऐकूच येत नव्हतं हो," तासबाई म्हणाली.

"तेच!" त्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "तेच म्हटलं मी. संपलं आमचं. आता तिचं तोंड बघणार नाही."

ते उतरून गेले. पलीकडच्या खुर्चीत मालक डुलकीतून जागे झाले होते. "बिचारा," म्हणाले. "पण बघा, तुमच्यावर किती विश्वास!" तासबाई उठली आणि उगीचच खिडकी पुसायला लागली.

पुढचे पाच दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. रस्ताभर गोष्ट पसरली होती आणि सगळ्यांची सहानुभूती भलत्याच बाजूला होती. चहावाला म्हणाला, "काय ती बहीण! आणि नाव घेतलं तर कुणाचं, ताईंचं!" चपलांच्या दुकानदाराने तर खास वर येऊन सांगितलं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुमचं काम आम्हाला माहितीये." एकेक कौतुक टाचणीसारखं टोचत होतं. आणि ज्या बाईने स्वच्छ शब्दांत 'सहा' म्हटलं होतं ती दहा हजार चारशे किलोमीटरवर, आईही नाही आणि भाऊही नाही अशी, खोटारडी ठरून बसली होती.

घरी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्याने पहिल्या घासाला पेला उचलला. "काय गं, हातचं मीठ पण धरायला लागलीस का?"

एरवी ती हसली असती. आज तिने पोळी लाटायची थांबवली आणि ओट्याकडे तोंड करूनच सगळं सांगितलं. तो जेवायचा थांबला.

"अगं, पण तू काही वाईट हेतूने नाही केलंस. जपून बोललीस. विमान खरंच चुकलं असतं तर?"

"चुकलं असतं तर ते थांबले असते आणि सहाला करून टाकलं असतं. बिघडलं काय असतं? सात तास वाट बघणं एवढंच ना? आई गेलेल्या माणसांना सात तास म्हणजे काय!" तिने लाटणं खाली ठेवलं. "त्या पोरीने मला सगळं मोकळं करून सांगितलं होतं, रे. मी 'साडेचारला येईल, फार तर नऊ' असं म्हणाले असते तर तिचं तिने ठरवलं असतं. मी तिला माझ्या मनातला एकच आकडा दिला. आणि का दिला? लोकांनी मला नावं ठेवू नयेत म्हणून."

"आता सांगून काय आई परत येणारे?"

"आई नाही येणार."

नवऱ्याने भाजीत थोडं पाणी घालून ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्ता जरा निवला तशी ती समोर गेली. चष्मेवाले काचा घासत होते. तिला बघून उठले. "या ताई. नंबर वाढला की काय?"

बसायला सांगितलं तरी ती बसली नाही. घरून निघताना वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी जिन्यातच सांडली. "मी नऊ म्हणाले होते," ती म्हणाली.

त्यांना आधी कळलंच नाही.

"तुमची बहीण खरं बोलतेय. तिने मला विचारलं आणि मी नऊ सांगितलं. माझ्या कागदावर साडेचार होते."

त्यांनी हातातली काच फडक्यावर ठेवली. "तुम्ही म्हणालात ऐकू येत नव्हतं."

"सगळं ऐकू येत होतं. तिने सहाचं पण सांगितलं होतं. सहापर्यंत ठेवता येईल म्हणाली. मी ऐकलं होतं."

"सहा ऐकलं होतं," ते म्हणाले. नुसतं तिच्या मागून म्हटल्यासारखं.

तेवढ्यात एक बाई चष्म्याची दांडी मोडली म्हणून आत आली. त्यांनी ती दांडी हातात घेतली, बारका स्क्रू शोधला, बसवला, काचा पुसल्या, बाईच्या कानांवर चष्मा चढवून तो सरळ आहे का ते पाहिलं. तासबाई आरशाशेजारी उभी राहिली. निघून जावं असं तिला फार वाटलं. बाई गेली.

"का?" त्यांनी विचारलं.

तिने वहीचं सांगितलं नाही, म्हाताऱ्या बाईंचं आणि तान्ह्या बाळाचं सांगितलं नाही. ते सगळं खरं होतं, पण इथे ते सांगणं म्हणजे सुटायची वाट शोधणं झालं असतं. "उशीर झाला तर माझ्यावर येईल म्हणून," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

चष्मेवाल्यांनी फोन काढला. नंबर लावायला त्यांना वेळ लागला. तिकडे घंटा वाजायला लागताच त्यांनी स्पीकर लावून फोन तिच्यासमोर काउंटरवर ठेवला. "मला नका सांगू. तिला सांगा."

"दादा?" तोच आवाज. त्या एका शब्दात केवढी तरी घाई होती.

"मी तिकिटाच्या कचेरीतली. दादा इथेच आहेत, ऐकताहेत. त्या दिवशी मी तुम्हाला नऊ सांगितलं, ते मी वाढवून सांगितलं होतं. माझ्या हिशोबाने साडेचारच होते. आणि परत आल्यावर दादांनी विचारलं तेव्हाही मी खरं बोलले नाही."

मग बहीण म्हणाली, "मी सहाचं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"नक्की? नीट सांगितलं होतं?"

"अगदी स्वच्छ. दोन दिवस सुट्टी आहे, हेही सांगितलं होतं."

"मला वाटायला लागलं होतं," बहिणीचा आवाज फुटला, "की मी सांगितलंच नसेल. रोज आठवून बघते. त्या गडबडीत मीच काहीतरी उलटसुलट बोलले असेन, नऊ माझ्याच मनाने ऐकलं असेल, दादा म्हणतो तसं..." पुढचं रडण्यात गेलं.

चष्मेवाल्यांनी फोन उचलून कानाला लावला आणि भिंतीकडे वळले. त्यांची पाठ तेवढी दिसत होती, शर्टाची कॉलर एका बाजूने दुमडलेली. मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते तासबाईला ऐकू आलं नाही. "नाही, मी चुकलो. तसं नाही म्हणायला हवं होतं. आईच्या खोलीत तर नाहीच," ते म्हणत होते. "रडू नको. नाही गं, नाही ठेवत फोन. हं. बोल."

ती दाराकडे वळली. हात कडीवर होता तेव्हा मागून आवाज आला. त्यांनी फोनवर तळवा झाकला होता.

"बाई." आजपर्यंत त्यांनी तिला ताईशिवाय हाक मारली नव्हती. "आलात ते बरं केलंत. पण माझा राग गेलेला नाही. किती दिवसांनी जाईल ते विचारू नका. मला सांगता यायचं नाही."

"नाही विचारत," ती म्हणाली.

त्यांनी तळवा काढला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बहिणीशी बोलायला लागले. तासबाईने दार आवाज न करता ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडला. चपलांच्या दुकानदाराने गल्ल्यामागून विचारलं, "काय ताई, नवा चष्मा?"

"नाही," ती पायरीवर थांबली. आज एकाला सांगितलं म्हणून भागणार नव्हतं; ज्या रस्त्याने त्या पोरीला खोटारडी ठरवलं होतं त्या रस्त्यालाही कळायला हवं होतं. "दोन मिनिटं वेळ आहे का तुम्हाला? त्यांच्या बहिणीबद्दल सांगायचंय."

दुकानदाराने हातातला खोका खाली ठेवला आणि तिच्यासाठी स्टूल पुढे केलं.